नाताळाच्या तोंडावर वर्क व्हिसा: फाईल दिवाळीआधी पुरी करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही दोघे भाऊ, फोंड्याचे. मी वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत इंजिनिअर आहे. म्युनिकजवळच्या एका कंपनीची ऑफर आली, करारावर सह्या झाल्या, ४ जानेवारी २०२७ ला रुजू व्हायचे आहे. व्हिसाचा अर्ज अजून केलेला नाही. इथला नोटीस पिरियड दोन महिन्यांचा आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझे लग्न आहे आणि बायकोलाही न्यायचे आहे. धाकटा भाऊ क्रूझवर काम करतो. त्याचा अमेरिकेचा व्हिसा नोव्हेंबरात संपतो आणि कंपनी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मायामीला साइन-ऑन, म्हणजे जहाजावर रुजू व्हायला, सांगते आहे. नाताळात सगळे ठप्प होते असे जो तो सांगतो. राजीनामा कधी द्यावा, तिकिटे कधी काढावीत आणि दोघांचेही वेळेत होईल का?"

आधी सरळ उत्तर देते, कारणे मग. तुमच्या भावाचे जमू शकेल, पण त्याने उद्या नव्हे, आजच एजन्सीला फोन करायला हवा. तुमची ४ जानेवारी मात्र मला धरवत नाही. कंपनीला या आठवड्यातच लिहा आणि १ फेब्रुवारी मागून घ्या. जर्मनीत नोकऱ्या बहुधा महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होतात, त्यामुळे ही मागणी त्यांना वावगी वाटणार नाही. राजीनामा व्हिसा हातात पडल्यावर. तिकीट त्याच्याही नंतर.

नाताळात दूतावास बंद असतात म्हणून उशीर होतो, असा सगळ्यांचा समज आहे. बंद दिवस मोजले तर तसे थोडेच भरतात. खरी अडचण अशी की व्हिसाची एक फाईल पाच-सहा जणांच्या हातांतून जाते: तुम्ही, कंपनीतली एचआरची बाई, तिथले परदेशी नागरिकांचे कार्यालय, रोजगार खाते, मुंबईचा वाणिज्य दूतावास, कुरिअर. यातला प्रत्येक जण वेगवेगळ्या दिवशी रजेवर असतो आणि फाईल नेमकी त्या रिकाम्या खुर्चीपुढे जाऊन थांबते. म्हणून मी कुणालाही "व्हिसाला किती आठवडे लागतात" ते सांगण्याआधी कॅलेंडर घेऊन बसवते.

तुमचेच कॅलेंडर बघू. सोमवार २१ डिसेंबरपासून शुक्रवार ८ जानेवारीपर्यंत तीन आठवडे होतात, म्हणजे कागदावर कामाचे १५ दिवस. यंदा २५ डिसेंबर आणि १ जानेवारी हे दोन्ही शुक्रवारी येतात, ते गेले. २४ आणि ३१ डिसेंबरला जर्मनीत कायद्याने सुट्टी नाही, पण बहुतेक कार्यालये त्या दिवशी उघडतच नाहीत. ६ जानेवारीला आपल्याकडे रेइश मागुशला आणि चांदरला तीन राजांचे फेस्त असते, त्याच सणाची बव्हेरियात सरकारी सुट्टी असते आणि म्युनिक बव्हेरियातच येते. उरले १०. त्यातही नाताळ आणि नववर्ष यांच्या मधल्या तीन-चार दिवसांत तिथले लोक साठवलेली रजा काढतात. थोडक्यात, ज्या १५ दिवसांवर तुम्ही भिस्त ठेवून आहात त्यातले भरवशाचे आठही नाहीत.

आता तुमची फाईल. जर्मनीत कुशल कामगारांसाठी एक जलद प्रक्रिया आहे. ती कंपनीने सुरू करायची असते. तुम्ही कंपनीला अधिकारपत्र द्यायचे, कंपनी तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाशी करार करते आणि ४११ युरो शुल्क भरते. ते कार्यालय रोजगार खात्याची मंजुरी आणि पदवीची मान्यता या गोष्टी तिकडेच मार्गी लावून आगाऊ संमतीपत्र देते. ते हाती आल्यावर दूतावासाने तीन आठवड्यांत अपॉइंटमेंट द्यायची आणि अर्ज पूर्ण भरल्यापासून साधारण तीन आठवड्यांत निर्णय करायचा, अशी तरतूद आहे. कंपनीने ही प्रक्रिया अजून सुरू केली नसेल तर त्यांना ती मागा. मोठ्या कंपन्यांना ती माहीत असते. छोट्या कंपन्यांना बऱ्याचदा उमेदवारानेच सांगावे लागते आणि त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

समजा कंपनीने ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली आणि तुमची पदवी लगेच मान्य होण्यातली निघाली. संमतीपत्र नोव्हेंबरच्या मध्यावर आले असे धरू, तेही नशीब चांगले असेल तर. तिथून तीन आठवडे म्हणजे अपॉइंटमेंट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे ऐन तुमच्या लग्नात. तिथून आणखी तीन आठवडे म्हणजे २४ डिसेंबर. एकही कागद परत आला नाही, कुणी आजारी पडले नाही, तरीसुद्धा पासपोर्ट तुमच्या हाती पडायचा तो नाताळाच्या आदल्या दिवशी. एक कागद जरी कमी पडला तरी जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडणार. ४ जानेवारी मला धरवत नाही ती यामुळे. १ फेब्रुवारी धरली तर याच हिशेबात पाच आठवड्यांची सवड मिळते आणि लग्नही निवांतपणे होते.

कंपनीला लिहिताना "उशीर होईल असे वाटते" असे मोघम लिहू नका. असल्या मेलला "बघू या" असे उत्तर येते आणि नोव्हेंबर निघून जातो. तारखांसह लिहा: संमतीपत्र कधी अपेक्षित आहे, त्यावरून अपॉइंटमेंट केव्हा, निर्णय केव्हा, म्हणून १ फेब्रुवारी. दुसरे, करारात असे एक वाक्य घालून मागा की व्हिसा मिळायला उशीर झाला तर रुजू होण्याची तारीख आपोआप पुढे जाईल. तिथल्या कंपन्यांना हे कलम नवे नाही. आणि तिसरी गोष्ट, जी कुणी विचारत नाही: "तुम्ही रजेवर असाल तेव्हा माझ्या कागदांवर सही कोण करणार?" त्या व्यक्तीचे नाव आणि मेल आत्ताच घेऊन ठेवा.

हे शेवटचे मी फार आग्रहाने सांगते. वाळपईची एक नर्स होती. भाषेची परीक्षा पास, हॉस्पिटलचा करार हातात, अपॉइंटमेंट डिसेंबरच्या मध्यावर. खिडकीवरच्या माणसाने फॉर्म चाळला आणि नोकरीसंबंधीच्या जाहीरनाम्यावर बोट ठेवले. तो जाहीरनामा मालकाने भरून द्यायचा असतो. त्यात लिहिलेले कामाचे तास आणि करारातले तास जुळत नव्हते, एका ठिकाणी ३८.५ आणि दुसऱ्या ठिकाणी ४०. दुरुस्त करून सहीचा नवा कागद हवा होता, बस एवढेच. तिने लगेच मेल टाकली. उलट स्वयंचलित उत्तर आले की संबंधित बाई ७ जानेवारीपर्यंत रजेवर आहेत. दुसरे कुणाचे नाव तिच्याकडे नव्हते. पाच मिनिटांच्या सहीसाठी तिचा महिना गेला, आणि इथल्या हॉस्पिटलातली नोकरी तिने आधीच सोडलेली होती. त्या मुलीची तगमग मी जवळून पाहिली आहे. घरात रोज कुणीतरी विचारायचे, "मग कधी जाणार?" म्हणून करार आणि जाहीरनामा शेजारी शेजारी ठेवून पगार, तास, पद, कामाचे ठिकाण आणि सुरुवातीची तारीख हे ओळीने ताडून बघा. सुरुवातीची तारीख १ फेब्रुवारी केलीत तर दोन्ही कागदांवर बदलून घ्यायला विसरू नका. तारीख करारात बदलते आणि जाहीरनाम्यात जुनीच राहते, हे फार वेळा होते.

राजीनाम्याचा हिशेब यातून निघतो. दोन महिन्यांची नोटीस आणि ४ जानेवारी, म्हणजे तुम्हाला नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच राजीनामा द्यावा लागला असता. तेव्हा तुमच्या हातात संमतीपत्रसुद्धा नसणार. असले धाडस, तेही लग्नाच्या तोंडावर, कुणी करू नये. १ फेब्रुवारी मिळाली तरी व्हिसा आल्यावर दोन महिने शिल्लक राहत नाहीत, हे मला दिसते आहे. त्यावर उपाय इकडच्या कंपनीत शोधायचा. तुमच्या नेमणूकपत्रात नोटीसच्या दिवसांबदली पगार भरून सुटण्याची सोय आहे का ते आजच वाचा. साठलेली रजा नोटीसमध्ये धरतात का, ते विचारा. काही पर्याय नसेल तर जर्मन कंपनीकडे सरळ १ मार्च मागा. चांगल्या इंजिनिअरसाठी महिनाभर थांबायला कंपन्या तयार असतात. आधी कबूल केलेली तारीख शेवटच्या आठवड्यात मोडली की मात्र त्यांचा विश्वास डळमळतो.

कागदांबद्दल एक गोष्ट खास आपल्या गोव्याची. जन्मदाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे, हा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. पोर्तुगीज काळात लिहिली गेलेली आडनावे मुलांच्या कागदांत तशीच उतरली. देसाई कुठे एका 'एस'ने तर कुठे दोन 'एस'ने, नाईकांच्या शेवटी कुठे 'के' तर कुठे 'क्यूयूई'. वडिलांचे नाव कधी मधले नाव, तर कधी आडनावाच्या जागी. इथे आपण एकमेकांना ओळखतो म्हणून चालून जाते. म्युनिकच्या कारकुनाला ती दोन माणसे वाटतात आणि तो खुलासा मागतो, तेही बरोबरच आहे. तुमची पदवी, पासपोर्ट आणि जन्मदाखला आज रात्री टेबलावर मांडा आणि इंग्रजीतले नाव अक्षर-अक्षर ताडून बघा. फरक असेल तर प्रतिज्ञापत्राने भागेल की दुरुस्तीच हवी, ते ऑक्टोबरात ठरवा. पासपोर्टची मुदत, दोन कोरी पाने आणि पासपोर्ट दहा वर्षांपेक्षा जुना नसणे, हेही त्याच बैठकीत बघून घ्या. दिवाळी यंदा ८ नोव्हेंबरला आहे. आपल्या हातातले जे काही आहे ते सगळे दिवाळीआधी पुरे झालेले असावे, मग पुढचे दोन महिने फक्त इतरांची वाट बघायची उरते.

आता तुमच्या भावाकडे येते. क्रूझवर जाणाऱ्यांचा अमेरिकेचा व्हिसा हा सी-वन/डी, आणि गोव्यातल्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागते. दोन वेगळ्या भेटी असतात, एक बोटांचे ठसे आणि फोटोसाठी, दुसरी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मुलाखतीसाठी. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने मुलाखत न देता व्हिसा मिळण्याच्या सवलती खूपच आखडत्या घेतल्या आहेत. "मागच्या वेळी मुलाखत न देता झाले होते" यावर अजिबात विसंबू नका. आणखी एक नियम २०२५ च्या सुरुवातीपासून लागू आहे: अपॉइंटमेंट विनामूल्य एकदाच बदलता येते, त्यानंतर पुन्हा बदलायची झाली तर शुल्क नव्याने भरावे लागते. तेव्हा जहाजाची तारीख पक्की झाल्याशिवाय उगाच स्लॉट हलवत बसू नये.

नोव्हेंबरात व्हिसा संपतोय म्हणून संपायची वाट बघायची नसते. आत्ताच अर्ज करता येतो. अमेरिकी दूतावास दोन्ही देशांच्या सुट्ट्या पाळतात, म्हणजे इकडची दिवाळी आणि तिकडचा थँक्सगिव्हिंग. तो यंदा २६ नोव्हेंबरला आहे. त्यामुळे मी त्याच्यासाठी ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरचा मध्य एवढीच खिडकी धरते. एजन्सीकडून कंपनीचे पत्र लगेच मागवा, त्यात जहाजाचे नाव, बंदर आणि साइन-ऑनची तारीख स्पष्ट असायला हवी. आणि विचारा, या कॉन्ट्रॅक्टमध्ये जहाज पुढे युरोपात जाणार आहे का? जाणार असेल तर शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसाही लागेल, आणि पासपोर्ट एका वेळी एकाच दूतावासात असू शकतो. दोन्ही व्हिसे "समांतर" होत नाहीत. आधी अमेरिकेचा, तो हातात आल्यावर युरोपचा. मधले कुरिअरचे दिवस वेगळे धरायचे. दक्षिण अमेरिकेची फेरी असेल तर पीतज्वराच्या लशीचाही विचार करा, तिचा दाखला टोचून दहा दिवस झाल्यावरच ग्राह्य धरतात.

पैशाच्या बाबतीत एक हक्काची गोष्ट सांगते, कारण आपली मुले ती मागायला कचरतात. सागरी कामगारांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार व्हिसाचा खर्च जहाजमालकाने करायचा असतो. भारताने तो करार २०१५ मध्ये मान्य केला आहे. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचे नोंदपुस्तक) आणि भारतातली वैद्यकीय तपासणी यांचा खर्च खलाशावर पडू शकतो, व्हिसाचा नाही, आणि नोकरी लावण्याबद्दल एजन्सीने त्याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. एजन्सीकडे जहाजवाहतूक महासंचालनालयाचा खलाशांची भरती करण्याचा आरपीएसएल परवाना आहे ना, तेही बघा. नाताळाच्या घाईचा फायदा घेऊन "अर्जंट स्लॉट"चे पैसे मागणारे याच दिवसांत उगवतात. मार्च २०२५ मध्ये भारतातल्या अमेरिकी दूतावासाने बॉटने, म्हणजे आपोआप स्लॉट अडवणाऱ्या संगणकी प्रोग्रामने, घेतलेल्या सुमारे दोन हजार अपॉइंटमेंट रद्द केल्या आणि ती खातीही गोठवली. असल्या स्लॉटला पैसे देऊन वर आपलेच खाते बंद पडायचे.

तुम्हा दोघांनाही लागू असलेली एक बाब म्हणजे मुंबईचा प्रवास. डिसेंबरच्या मध्यापासून गोव्याची विमाने पर्यटकांनी भरतात, दाबोळी असो की मोपा, आणि भाडी ऐकून छाती दडपते. कोकण रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते आणि नाताळाच्या आठवड्याची तिकिटे बघता बघता संपतात. अपॉइंटमेंटची तारीख कळली की त्याच दिवशी जाण्या-येण्याचे आरक्षण करा. ज्या सकाळी अपॉइंटमेंट त्याच सकाळी कोकणकन्येने दादरला उतरून धावत जायचे, असे करू नका. गाडी दोन तास उशिरा धावली तर महिनाभराची मेहनत वाया जाते. आदल्या दिवशी पोहोचा, नातेवाइकांकडे राहा. भावाला सांगा की अमेरिकी दूतावासात मोबाईल आणि बॅग आत नेता येत नाही, सोबत कुणी असलेले बरे. आणि पासपोर्ट परत घेताना कुरिअरचा पत्ता घरचा देणार असाल तर दिवसा घरात कुणी असते का याचा विचार करा. लग्नघरात सगळे हॉलवर गेलेले असताना कुरिअरवाला येऊन परत गेला की पुढचे दोन दिवस फोनाफोनीतच जातात.

फोंडा-म्हापशाकडच्या बऱ्याच घरांतली मुले अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत आणि डिसेंबरात रजा काढून घरी येतात. "आलोच आहे तर स्टॅम्पिंगही करून जातो", म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा घेऊन जातो, असा त्यांचा बेत असतो. तुमच्या प्रश्नात हे नव्हते, पण वाचणाऱ्यांत असे आईवडील असणार म्हणून लिहिते. ३ डिसेंबर २०२५ रोजी अमेरिकेने जाहीर केले की १५ डिसेंबरपासून एच-वन-बी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या अर्जात समाजमाध्यमांवरची खातीही तपासली जातील. त्याबरोबर भारतातल्या डिसेंबरच्या कितीतरी मुलाखती मार्च २०२६ आणि त्याच्याही पुढे ढकलल्या गेल्या. जुनी तारीख घेऊन आलात तर आत घेणार नाही, असेही दूतावासाने बजावले. पंधरा दिवसांच्या रजेवर आलेली मुले इथे अडकली, तिकडे घरभाडे चालू, मुलांच्या शाळा चालू. दुबई किंवा सिंगापूर गाठून मुलाखत देण्याची जुनी पळवाटही सप्टेंबर २०२५ पासून बंद झाली आहे, आपल्या देशात किंवा राहत्या देशातच मुलाखत द्यावी लागते. माझे मत स्पष्ट आहे: ज्याच्या पासपोर्टवरचा व्हिसा अजून चालू आहे त्याने डिसेंबरात आनंदाने यावे. ज्याचा संपला आहे त्याने केवळ लग्नकार्यासाठी म्हणून यायचा विचार करताना, तीन महिने परतता आले नाही तरी नोकरी टिकेल का, हे आपल्या साहेबाकडून लेखी घेऊन मगच तिकीट काढावे. आईवडिलांनीही "एवढा ये रे" असा हट्ट धरू नये. हे सांगणे जड जाते, पण सांगते.

ब्रिटन आणि आखाताचे थोडक्यात. ब्रिटनच्या कुशल कामगार व्हिसाचा अर्ज रुजू होण्याच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि बाहेरून केलेल्या अर्जाला साधारण तीन आठवडे लागतात. जादा शुल्क भरले तर कामाच्या पाच दिवसांत निर्णयाची सोय आहे, पण ते "कामाचे" दिवस आहेत. यंदा २६ डिसेंबर शनिवारी येत असल्याने तिथे सोमवार २८ डिसेंबरलाही सुट्टी आहे. क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला सहा महिने चालतो, तेव्हा तो ऑक्टोबरातच काढून ठेवायला हरकत नाही. आखातात नाताळाची अडचण नाही. अमिरातीत २ आणि ३ डिसेंबरला राष्ट्रीय दिनाची सुट्टी, आणि २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल, तेव्हा कामाचे तास कमी होतात. तिकडे जाणाऱ्याची खरी धावपळ पदवीच्या साक्षांकनात होते. अमिराती, कतार आणि कुवेत अपॉस्टिल (एकाच शिक्क्याचे आंतरराष्ट्रीय साक्षांकन) मानत नाहीत, तिथे दूतावासापर्यंतची पूर्ण साखळी करावी लागते. वैद्यकीय दाखला तीनच महिने चालतो, तो मात्र फार लवकर काढू नये. दहावी न झालेल्यांनी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरची परदेशी नोकरीची परवानगी घेतल्याशिवाय विमानतळावर जाऊ नये, आणि "आधी व्हिजिट व्हिसावर चल, मग बघू" म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी कुणीही लागू नये.

शेवटी तुमचे लग्न. जलद प्रक्रियेत पती-पत्नीचे अर्ज एकत्र घेण्याची सोय आहे. पण बायकोच्या अर्जाला विवाहाचा दाखला लागणार आणि गोव्यात तो मंगलाष्टकांनी मिळत नाही. सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही, मग हरकतींसाठी नोटिशीचे दिवस, मग दुसरी सही. लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात असले तरी या सह्या आधी करून ठेवता येतात. पहिली सही ऑक्टोबरातच उरका. उशिरावर टाकलीत तर ३ डिसेंबरला सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताची सुट्टी आहेच, शिवाय तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होऊन रजिस्ट्रारकडे गर्दी होते. दुसरी सही दिवाळीच्या सुमारास झाली तर दाखला वेळेत हातात येईल आणि दोघांची अपॉइंटमेंट एकत्र मागता येईल. ती लग्नाच्याच आठवड्यात येऊ नये म्हणून, तारीख निवडायची वेळ आली की ७ डिसेंबरनंतरचीच घ्या. तुम्हाला ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांसाठीचा युरोपीय नोकरी-परवाना) मिळणार असेल तर बायकोला जर्मन भाषेच्या प्रमाणपत्राची अट लागत नाही. साधा कुशल कामगार व्हिसा असेल तर तिला काय लागेल, ते कंपनीमार्फत त्या कार्यालयालाच आत्ता विचारून घ्या.

आणि घरच्यांनी कितीही म्हटले तरी तिच्या पासपोर्टवर सासरचे आडनाव घालण्याची घाई सध्या करू नका. नाव बदलायचे म्हणजे पासपोर्ट नव्याने काढणे आले, त्यात काही आठवडे जाणार आणि मग पदवी, बँक, पॅन या सगळ्यांवर पुन्हा दोन नावे. माहेरच्या नावाचा पासपोर्ट आणि विवाहाचा दाखला एवढ्यावर तिचा अर्ज होतो. पुढे तिलाच बदलावेसे वाटले तर म्युनिकमध्ये भारताचा वाणिज्य दूतावास आहे, तिथे सवडीने करता येईल.